त म्हटलं की ताकभात

मार्च उजाडला की आमच्या घरातला फोन थांबत नाही. आम्ही जामसंड्याचे, देवगडला खेटून. सासऱ्यांनी लावलेली कलमं आहेत, दोनशेच्या आसपास. बाग ह्यांच्याकडे, अढीवर लक्ष सासऱ्यांचं, आणि पेट्या भरणं नि फोन घेणं माझ्याकडे. पहिलं काम मला मनापासून आवडतं. दुसऱ्यानं एकोणीस हंगाम माझा जीव खाल्लाय.

कारण मी तोतरी आहे. बोबडी नव्हे, हे आधीच सांगते, कारण निम्म्या लोकांना दोन्ही एकच वाटतं. बोबडं माणूस र ला ल म्हणतं. मला सगळी अक्षरं स्वच्छ येतात. शब्द ठाऊक असतो, डोळ्यांपुढे लिहिल्यासारखा दिसत असतो, फक्त तो सुरू होत नाही. घशात कुणीतरी आतून कडी घालतं. हवा तिथपर्यंत येते आणि थांबते. मान ताठ होते, डोळे मिटतात, आणि तीन-चार सेकंदांनी शब्द एकदम धाडकन बाहेर पडतो.

समोरासमोर निदान माणसाला दिसतं की मी धडपडतेय. फोनवर फक्त शांतता. "कोण बोलतंय?" असं पलीकडून विचारलं की माझ्याकडून काहीच जात नाही. मग पलीकडचा म्हणतो, "हॅलो? हॅलो? रेंज नाही वाटतं." देवगडात रेंज खरोखरच जाते, त्यामुळे ही सबब मला देवानंच दिल्यासारखी होती. फोन ठेवायचा आणि लगेच व्हॉट्सॲप करायचं: रेंज नाही, ऑर्डर मेसेज करा. कित्येक गिऱ्हाईकांनी माझा आवाज आजवर ऐकलेला नाही. त्यांच्या लेखी आमच्या घरात टॉवरचा कायमचा प्रॉब्लेम आहे.

याहून वाईट प्रश्न एकच. "आंबा देवगडचाच ना?" बाहेरचा आंबा देवगडच्या नावानं खपवतात हे आता मुंबई-पुण्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत आहे. २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय मानांकन मिळाल्यापासून तर हा प्रश्न हटकून येतो. त्यावर माझं उत्तर असतं, "दे... दे... दे..." आता तुम्हीच सांगा, असं उत्तर ऐकून कोण पैसे पाठवील? माझ्या झाडाचा, माझ्या हातानं भरलेला आंबा, आणि मी चोरासारखी अडखळतेय.

नावाचंही एक पुराण आहे. माहेरचं माझं नाव पद्मजा. ‘प’ माझा जुना वैरी. लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी विचारलं, नाव बदलायचं का? माझ्या मैत्रिणी तेव्हा नको म्हणत होत्या, मी मात्र उडीच मारली. खूप विचार करून अनघा निवडलं. ‘अ’ला ना ओठ लागत, ना जीभ. ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं तेव्हा वाटलं, सुटले! सहा महिने सुटलेही. सातव्या महिन्यात बँकेत काउंटरवर नाव विचारलं, आणि ‘अ’वर कडी पडली. तेव्हापासून अनघा म्हणता येत नाही. पद्मजा आता अगदी सहज येतं. कोणी विचारत नाही म्हणून.

आणि हो, त्याच लग्नात मी उखाणा घेतला होता. देवगडच्या दीपस्तंभाचा उजेड पडतो लांब, असं काहीतरी जुळवलं होतं. न अडता, ह्यांच्या नावासकट. मांडवातल्या बायकांना वाटलं, उगाच बोलतात लोक, मुलगी तर चांगली बोलते.

यावर उपाय काय काय झाले ते सांगत बसले तर पान पुरणार नाही. वेखंड मधात उगाळून जिभेवर. शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी अनशापोटी. तोंडात गोटी ठेवून वाचन, ही शाळेतल्या एका गुरुजींची देणगी. आणि सगळ्यांचा एक आवडता उपाय, जो फुकट मिळतो: "घाबरतंस कित्याक? सावकाश बोल." सासूबाई बिचाऱ्या प्रेमानंच म्हणतात, "सावकाश बोल गो, तुझी काय यष्टी चुकता?" मी जन्मभर हेच खरं मानलं. मी भित्री आहे, म्हणून मी तोतरी आहे.

दुसरी गोष्ट ऐकून होते ती डाव्या हाताची. मी जन्मानं डावखुरी. माहेरी, आचऱ्याच्या आमच्या घरात डाव्या हातानं जेवणं म्हणजे पाप, तेव्हा आजीनं तो हात मोडून काढला. पुढे कुणीतरी म्हणालं, हात मोडला म्हणूनच जीभ अडली, आणि आजी शेवटपर्यंत मनाला लावून बसली. मला ही गावठी समजूत वाटायची. पण ही समजूत एकेकाळी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातही होती! १९२०-३०च्या सुमाराला सॅम्युएल ऑर्टन आणि ली ट्रॅव्हिस यांचं म्हणणं होतं की मेंदूचे दोन भाग बोलण्याचा ताबा घेण्यासाठी आपसांत भांडतात, एकाची सत्ता नीट बसत नाही, आणि हात बदलायला लावल्यानं हे भांडण वाढतं. हाताचा भाग पुढे टिकला नाही. आजी असती तर तिला हे आवर्जून सांगितलं असतं.

त्याच विद्यापीठात पुढे वेंडेल जॉन्सन म्हणाले की आईबाप मुलाच्या साध्या अडखळण्याचा बाऊ करतात, त्यातून तोतरेपणा तयार होतो. ते स्वतः तोतरे होते, म्हणून फार राग धरवत नाही. पण त्यांच्या देखरेखीखाली १९३९ साली एका अनाथालयातल्या २२ मुलांवर प्रयोग झाला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुमचं बोलणं बिघडतंय. ती मुलं कायमची तोतरी झाली असं म्हणता येत नाही, पण बोलायला घाबरू लागली, गप्प राहू लागली. विद्यापीठानं माफी मागितली ती २००१ साली. आमच्या आईलाही शेजारणींनी कमी ऐकवलेलं नाही. तूच सारखी टोकतेस, म्हणून पोर अशी झाली. माझ्या वडिलांचे चुलते तोतरे होते हे मात्र कुणाच्या लक्षात येत नसे.

हे सगळं मला समजलं ते माझ्या नणंदेच्या मुलीमुळे. ती मुंबईत स्पीच थेरपी शिकते. मे महिन्यात आंबे खायला येते आणि पेट्या भरायला लागते, हा आमचा करार. गेल्या वर्षी पडवीत बसून आम्ही दोघी भरत होतो. मी पेंढ्यावर आंबा लावते, ती कागद टाकते, आणि आमचा गडी झाकण ठोकतो. ती सहज म्हणाली, "मामी, तुला माहितीये का, तुझ्या मेंदूतला गडी झाकण आधी ठोकतो."

मी म्हटलं, काय?

मग तिनं फिनलंडमधला एक अभ्यास सांगितला. २००० साली तिथं रिट्टा साल्मेलिन आणि त्यांच्या सोबतच्यांनी तोतऱ्या आणि नीट बोलणाऱ्या माणसांना पडद्यावर एकेक शब्द दाखवून वाचायला लावला. डोक्याभोवती असं यंत्र, जे मेंदूतली हालचाल हजारांश सेकंदाच्या हिशेबानं टिपतं. नीट बोलणाऱ्यांत आधी डाव्या कपाळामागचा भाग जागा झाला, जिथं उच्चाराचा आराखडा बनतो, आणि त्याच्यामागून ओठ-जीभ हलवणारा भाग. तोतऱ्यांत क्रम उलटा. हलवणारा भाग आधीच तयार, आणि आराखडा मागून उशिरानं येतोय. गंमत म्हणजे ते शब्द त्यांनी बहुतेक न अडखळताच वाचले होते. म्हणजे ऐकायला सगळं ठीक होतं, तेव्हाही आत ठोकाठोकी चाललीच होती.

आंबे बाहेर आणि झाकण ठोकून मोकळा. मी आमच्या गड्याकडे बघितलं आणि इतकी हसले की हातातला आंबा निसटला. त्या बिचाऱ्याला कळेना काय झालं.

खरं सांगू, मला हसू आलं ते सुटल्यासारखं वाटून. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अडखळण्याबद्दल बोलताना माझ्या स्वभावाबद्दल बोललं नव्हतं. हा हालचालीचा मामला आहे. एक वाक्य बोलायचं तर छाती, घसा, जीभ, ओठ, जबडा मिळून शंभराच्या आसपास स्नायू लागतात, आणि प्रत्येकाला आपापल्या वेळेवर हलावं लागतं. २००२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी १५ तोतऱ्या प्रौढांच्या मेंदूचा खास प्रकारचा एमआरआय केला. डाव्या बाजूला, चेहरा-जीभ-घसा चालवणाऱ्या भागाच्या अगदी खाली, पांढऱ्या तंतूंची जुळणी त्यांना विस्कळीत दिसली. हे तंतू म्हणजे आराखडा करणारा आणि हलवणारा यांच्यातला रस्ता. मी लगेच म्हटलं, म्हणजे आमच्या पाणंदीसारखा, पावसात खचलेला. ती म्हणाली, खचलेला नाही म्हणता येणार गं, कदाचित तसाच बांधलेला.

मग प्रश्न आला हातांचा. मेंदूला वेळ साधत नसेल तर माझे हात का बरे चालतात? पेटी भरण्यात जामसंड्यात मला कुणी हरवावं! ती म्हणाली, यावरही पुष्कळ काम झालंय. तोतऱ्या माणसांना ठोक्यावर बोटं वाजवायला लावतात, मग ठोका बंद करतात आणि तीच लय पुढे चालू ठेवायला सांगतात. काही अभ्यासांत तोतऱ्यांची बोटं थोडी कमी-जास्त पडली, विशेषतः दोन्ही हातांची गुंतागुंत असली की. काहींत काहीच फरक नाही.

आम्ही रात्री जेवणं झाल्यावर करून बघितलं. मोबाईलवर मेट्रोनोम लावला, टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बारावीतला माझा मुलगा. टिक टिक असेपर्यंत दोघं बरोबर. बंद केल्यावर मी हळूहळू पुढे पळायला लागले. पण तो तर माझ्याही पुढे! आणि तो घडाघडा बोलतो, नको तेवढं बोलतो. सासरे झोपाळ्यावरून म्हणाले, "ह्या कसला भजन चाललासा?" प्रयोग तिथेच संपला. यातून विज्ञानाला काही मिळालं नाही.

ठोक्याची गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. कारण ठोका असला की मी अडत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आचऱ्याला रामेश्वराच्या देवळात गाऱ्हाणं घालताना आम्ही पोरं मागे उभी राहून जोरात ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" शेकडो वेळा ओरडले असेन, एकदाही ‘व्ह’ अडला नाही. गणपतीत पंधरा घरांच्या आरत्या, एक अक्षर अडत नाही. आंबे मोजताना सासऱ्यांच्या पद्धतीनं एक न म्हणता लाभ म्हणायचं, लाभ, दोन, तीन, असं हाताच्या लयीत. शंभरापर्यंत सरळ जाते. तोच ‘दोन’ फोनवर, "किती पेट्या आहेत शिल्लक?" असं विचारल्यावर, दगड होतो.

याचं भाचीकडे उत्तर होतं. मेंदूच्या खोल भागात बेसल गँगलिया म्हणून गाठींचा पुंजका आहे. सवयीच्या हालचालींतली पुढची पायरी कधी सुरू करायची, तो इशारा तिथून सुटतो असं मानतात. आपलं आपण, मनातून बोलायला लागलं की भिस्त या पुंजक्यावर. पण बाहेरून ताल मिळाला, मृदंगाचा, टाळांचा, शेजारच्याच्या आवाजाचा, तर मेंदूला दुसरी वाट मिळते, ज्यात छोट्या मेंदूचा वाटा मोठा. स्वीडनच्या पेर आल्म यांनी २००४ साली हा विचार सविस्तर मांडला. त्याआधी १९९६ साली अमेरिकेत तोतऱ्या माणसांना आधी एकटं आणि मग दुसऱ्याच्या आवाजासोबत वाचायला लावून मेंदूचे पेट स्कॅन काढले होते. एकट्यानं वाचताना हालचालीचे भाग, तेही उजव्या बाजूचे जास्त, गरजेपेक्षा फार जोरात चाललेले, आणि आपलाच आवाज ऐकणारे भाग मंद. सोबत मिळाली की यातलं बरंच निवळलं.

म्हणजे "व्हय म्हाराजा" हे माझं पेट स्कॅन होतं. फुकटातलं.

इथपर्यंत मी खूश होते. मग माझ्या मुलानं टाचणी लावली. "आई, मग तू मोत्याशी बोलताना का नाही अडत? तिथं कुठे मृदंग असतो?"

मोत्या आमचा कुत्रा. खरंच आहे. त्याच्याशी मी तासन्तास बोलते, एकटी असताना स्वयंपाकघरातही बोलते, एकदाही अडत नाही. लोक हेच पुरावा म्हणून वापरतात: बघा, नसांचं काही नाही, सगळं मनाचं आहे. भाचीनं शोधून सांगितलं की २०२१ साली न्यूयॉर्कमध्ये २४ तोतऱ्या प्रौढांवर नेमकं हेच बघितलं गेलं. आपलं कुणीही ऐकत नाही अशी त्यांची पक्की खात्री असताना ते जवळजवळ अडलेच नाहीत. म्हणजे रस्ता तोच, तंतू तेच, तरी ऐकणारं माणूस समोर आलं की काहीतरी बदलतं. मला हे कुठे ठेवावं कळेना. मन आणि नस अशा दोन वेगळ्या पेट्या मी करून बसले होते, त्यात हा आंबा बसत नव्हता. भीतीनं तोतरेपणा वाढतो, हे मी रोज बघते. पण तो भीतीनं आला असता तर मी जिथं अजिबात घाबरत नाही तिथं, म्हणजे नवऱ्याशी भांडताना, अडले नसते. आणि मी भांडताना काय अडते! ह्यांनी आजवर जिंकलेली सगळी भांडणं अशीच जिंकलेली आहेत.

स्कॅनच्या चित्रांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, तेही सांगते. चाळीस वर्षं अडखळत, शब्द बदलत, माना झटकत बोललेला मेंदू बघितला तर त्यात जे वेगळं दिसेल त्यातलं दुखणं कुठलं आणि सांभाळून घेणं कुठलं? उजव्या बाजूची ती जादा धावपळ म्हणजे डाव्याला मदत करायची धडपड असेल, असं मानणारे पुष्कळ आहेत. लहान मुलांतही, तोतरेपणा सुरू होऊन फार दिवस झालेले नसताना, डाव्या बाजूच्या तंतूंत फरक सापडलेत, म्हणून निदान तेवढा भाग मुळातला असावा. बाकीचा माझा मीच केलेला असेल, एकेक फोन टाळून टाळून.

आनुवंशिकतेचा धागाही आहेच. २०१० साली पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून सुरू झालेल्या अभ्यासात काही जनुकं सापडली. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना "आ-आ-आ-आई" करायला लागला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली होती, ती मी विसरलेले नाही. आठ महिन्यांनी आपोआप गेलं. शंभरातली पाचेक मुलं कधी ना कधी अडखळतात आणि त्यातली बहुतेक सुटतात, मोठेपणी शंभरात एखादाच उरतो. तेव्हा हे माहीत असतं तर ते आठ महिने मी झोपले असते. मोठेपणी उरणाऱ्यांत चार पुरुषांमागे बाई एक. इथंही मीच.

भाचीच्या नादानं मी गेल्या पावसाळ्यात मुंबईत एका स्पीच थेरपिस्टकडे काही दिवस जाऊन आले. त्या बाईंनी तोतरेपणा घालवून देते असं म्हटलं नाही, हे मला आवडलं. अडला शब्द ढकलायचा नाही, त्याच्यात थांबायचं, घसा सैल सोडायचा आणि मग हळूच निसटू द्यायचा, एवढंच शिकवलं. आणि एक कामगिरी दिली: शब्द बदलायचा नाही. मी आयुष्यभर ‘पाच’ अडला की ‘सहा घ्या ना’ म्हणत आलेय. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय हुशार बाई आहे, डझन वाढवते.

मला एका गोष्टीची चीड मात्र अजून आहे. मी अडले की लोक माझा शब्द पुरा करतात. त म्हटलं की ताकभात ओळखणारे आपण, पण मला तांदूळ म्हणायचं असतं! मासळी बाजारात "बां..." म्हटलं की बांगडे पिशवीत पडतात. मला बांगडे नको असतात. मला "बांगडे काय भाव?" एवढं विचारायचं असतं, कालच्यापेक्षा महाग असतील तर मी तारले घेणार असते.

या वर्षी पहिला फोन गुढीपाडव्याच्या आधी आला. ठाण्याचे गृहस्थ. "कोण बोलतंय?" मी ‘अ’ला गेले आणि कडी पडली. ढकललं नाही. पडवीत मोत्या माझ्याकडे बघत होता.

"हॅलो? हॅलो? रेंज नाही वाटतं तुमच्याकडे."

"रेंज आहे," मी म्हटलं. हे सरळ आलं. "मी तोतरी आहे. जरा थांबा."

ते थांबले. मीही थांबले. मग अनघा आली, तिच्या वेळेनं. त्यांनी विचारलं, आंबा देवगडचाच ना? ‘दे’ चार वेळा झाला. त्यांनी मध्ये ताकभात केला नाही. पाच डझनांच्या दोन पेट्या हव्या होत्या. म्हणाले, पत्ता व्हॉट्सॲप करतो.

मी म्हटलं, सांगा ना, लिहून घेते.